गुलालाच्या पानाचं वाण

गेल्या रविवारी दादांनी कूलरच्या ताट्या बदलल्या. वर्षभरात काळा पडलेला जुना वाळा अंगणात झटकला, जाळी घासली, नव्या ताट्या बसवल्या आणि मोटार सुरू केली. नव्या वाळ्यावर पाणी उतरलं तसा घरभर तो वास सुटला. ओल्या मातीचा नव्हे आणि अत्तराचाही नव्हे, दोन्हीच्या मधला कुठला तरी. उन्हाळ्यात पहिल्यांदा हा वास आला की सगळ्यांना बरं वाटतं. मला मात्र आधी पोटात खड्डा पडल्यासारखं होतं. मग तो खड्डा हळूहळू भरत जातो. हे भरत जाणं मला फार आवडतं. चार वर्षं झाली, दर उन्हाळ्यात मी त्याची वाट पाहते.

टेंभुर्णीत कूलरचं नवल नाही. त्या उन्हाळ्यात नवल होतं ते हे, की आमच्या घरातला एकुलता एक कूलर माणसांच्या खोलीत नव्हता. तो मागच्या खोलीच्या खिडकीला लावला होता. त्या खोलीत पूर्वी आम्ही कापूस साठवायचो. उत्तरेकडची खिडकी, जाड भिंती, ऊन कधीच आत न येणारं. तिथं एक झाड राहत होतं, आणि आम्ही तिघं पत्र्याच्या खोलीत पंख्याखाली घामानं भिजत होतो. शेजारच्या निर्मलाकाकू येता-जाता डोकावायच्या आणि म्हणायच्या, "पाहुण्याला पंखा अन् झाडाला कूलर. पुढल्या जन्मी म्या बी तुमच्या घरी झाडच होते बाई."

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. जालन्याच्या कॉलेजातून वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले तेव्हा दादांनी गल्लीत पेढे वाटले होते, आणि पेढा घेताना प्रत्येकानं एकच प्रश्न विचारला होता, की आता पुढं काय. पुढं काय ते मलाही ठाऊक नव्हतं. मी घरी आले, दादांच्या मिरचीच्या रोपवाटिकेत हात घातला. कोकोपीट भिजवणं, ट्रे भरणं, एका खाचेत एकच बी टाकणं, हे मला लहानपणापासून येत होतं. कॉलेजनं त्याला नावं दिली. ती नावं शोधता शोधता मोबाइलवर एक वेगळंच जग सापडलं. घरात कुंडीत वाढणारी, दमट जंगलातली, दुर्मीळ झाडं जमवणारी माणसं. एका पानासाठी महिनोन्‌महिने वाट पाहणारी. कुणाच्या झाडाला नवं पान उलगडलं तर सगळा ग्रुप अभिनंदन करायचा, जणू घरात मूल रांगायला लागलं. मला हसू यायचं, आणि हेवाही वाटायचा. आमच्याकडं पानाला कुणी पान म्हणून पाहत नाही. पानाकडं पाहायचं ते रोग पडला का एवढ्यासाठी.

त्या ग्रुपात सगळे इंग्रजीत लिहायचे. एकदा पुण्याच्या मेधाताईंनी मराठीत विचारलं, की माझ्या वेलाचं खोड खालून मऊ पडलंय, काय करू. मी मराठीत उत्तर लिहिलं, अगदी दादा मिरचीबद्दल सांगतात तसं. सडका भाग चांगलं खोड लागेपर्यंत कापा, कापलेली जागा सुकू द्या, मगच लावा. त्यांचा वेल वाचला. मेधाताई बँकेतून निवृत्त झालेल्या, बाल्कनीत शंभरावर कुंड्या, बोलणं नेमकं. पुढं त्यांचे फोन येऊ लागले. परदेशातल्या लेकीच्या बाळंतपणाला जायचं ठरलं तेव्हा त्यांनी आपली झाडं ओळखीच्या लोकांत वाटून दिली आणि सगळ्यात लाडकं माझ्याकडं पाठवलं. अट साधी होती. मूळ झाड त्यांचंच. मी त्याचे तुकडे करून जी रोपं तयार करीन त्यांतली निम्मी माझी, निम्मी त्यांची.

मी दादांना हे समजावून सांगत होते, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं. "एवढं काय कठीण त्यात? अर्धलीनं शेळी दिली म्हण की. शेळी मालकाची, करडं निमी-निमी."

मला शिकलेल्या माणसाचा थोडा गर्व होता, तो तिथंच उतरला. मेधाताईंना सांगितलं तर त्या खूप हसल्या. तेव्हापासून फोनवर त्या विचारायच्या, "शेळी कशी आहे माझी?"

झाड आलं ते शेवाळात आणि वर्तमानपत्रात गुंडाळून, उभ्या खोक्यात. फिलोडेंड्रॉनची एक गुलाबी जात. पानं काळपट हिरवी, आंब्याच्या पानापेक्षा रुंद, आणि त्यांवर गुलाबी शिंतोडे. एखाद्या पानावर चिमूटभर, एखाद्याचं अर्धं अंगच गुलाबी. आता ही जात प्रयोगशाळेत बनते आणि कुठल्याही शहरातल्या नर्सरीत मिळते. तेव्हा तसं नव्हतं. माय दारात उभी राहून पाहत होती. तिनं पदराला हात पुसले, एका पानाला बोट लावलं आणि बोट उलटं करून पाहिलं, की रंग लागतो का. म्हणाली, "गुलाल सांडल्यावानी दिसतंय." त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचं नाव गुलालाचं पान.

या झाडाची एक खोड जमवणाऱ्यांना पक्की माहीत असते. पानावरचा गुलाबी रंग पाहून भुलायचं नाही. पान सगळं गुलाबी असेल तर ते दिसायला सुंदर, पण त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही, ते फार टिकत नाही. पान सगळं हिरवं असेल तर झाड जोमदार, पण कदाचित साधं होऊन गेलेलं. खरी खूण खोडावर असते. पेरापेरांतून एक गुलाबी रेघ गेलेली दिसली, तर आज पान कसंही असो, उद्या रंग येऊ शकतो. ती रेघ संपली की संपलं. विकत घेणारे म्हणूनच पानाचा नाही, खोडाचा फोटो मागतात. मी हे मायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माणसाचं बी तसंच असतंय." आणि भाकरी थापायला निघून गेली. मायला असं काही बोलून निघून जायची सवय आहे.

पाऊस ओसरल्यावर मी वेलाचे तुकडे केले. ऊस लावताना जसं डोळा धरून कांडं तोडतात, तसंच. प्रत्येक पेराला एक डोळा. नऊ तुकडे. सरबताच्या पारदर्शक ग्लासांना खाली भोकं पाडून त्यांत लावले, म्हणजे मुळं दिसतात. संक्रांतीपर्यंत नऊच्या नऊ फुटले होते. एका फळीवर ओळीनं मांडलेले नऊ ग्लास, प्रत्येकात दोन-तीन पानं, काचेसारख्या प्लास्टिकमागं पांढरी मुळं. मी सकाळी उठल्यावर चहाआधी त्यांच्याकडं जायची.

त्या वर्षी मायनं हळदी-कुंकू ठेवलं रथसप्तमीच्या आदल्या दिवशी. मी त्याच दिवशी कोकोपीट आणायला जालन्याला निघाले होते. मायनं मला बजावलं, की येताना वाणाला डझनभर प्लास्टिकचे डबे आण, झाकणाचे, एकसारखे. मी बरं म्हटलं. डबे घेतलेही. पण येताना वाटेत एसटी बंद पडली, दुसरी यायला दोन तास लागले, आणि फोनची बॅटरी संपलेली. गल्लीच्या तोंडाशी पोचले तर समोरून बाया येत होत्या. कपाळावर ताजं कुंकू, केसांत गजरा, हातात तिळगूळ. आणि दुसऱ्या हातात माझे ग्लास. प्रत्येक ग्लासावर हळदीचं एक बोट आणि कुंकवाचं एक.

मी घरात शिरले तेव्हा फळी रिकामी होती. मूळ झाड तेवढं कोपऱ्यात उभं.

"माय, हे काय केलंस तू?"

"डबे आले न्हाईत. बाया दारात बसलेल्या. मंग काय, रिकाम्या हातानं लावू त्यांना?"

"ती माझी न्हाईत. मेधाताईंची हायेत निमी."

"मोठं झाड हाय की तिथं. मिरची लावून उरलेली रोपं आपण वाटत न्हाई का गल्लीत? अन् कुंकवाला किती शोभून दिसले."

मी म्हटलं, की आत्ता जाते आणि घरोघर जाऊन आणते. मायचा चेहरा एकदम कडक झाला. तो चेहरा मी फार कमी वेळा पाहिला आहे.

"वाण मागत न्हाईत," ती म्हणाली. "दिलेलं वाण मागायला माझी लेक दारात उभी राहिली, तर मी या गल्लीतून चालायची कशी?"

मी तिच्याशी चार दिवस धड बोलले नाही. आज लिहिताना कळतं, की चुकीचा अर्धा भाग माझाच होता. डबे वेळेवर आले असते तर रोपं फळीवरच राहिली असती. पण तेव्हा शिकलेल्या मुलीचा राग मोठा होता. मायला त्या झाडाची किंमत कळली नाही, एवढंच मला दिसत होतं. तिनं गल्लीतल्या बायांना घरातली सगळ्यात सुंदर वस्तू दिली होती, हे दिसत नव्हतं.

त्यापुढची चूक मात्र पूर्ण माझी. मेधाताईंनी रोपांचा फोटो मागितला आणि मी आठवड्यापूर्वीचा पाठवला. नऊ ग्लास, ओळीनं. मनात हिशेब असा, की मूळ झाडाला तीन नवे फुटवे आहेत, त्या परत येईपर्यंत त्यांतून पुन्हा रोपं करीन आणि कुणाला काही कळणार नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी पुन्हा विचारलं, मी पहिल्या फोटोच्याच दिवशी दुसऱ्या बाजूनं काढलेला फोटो पाठवला. खोटं बोलणं मला कधी जमलं नाही असं मी समजत होते. फोटो पाठवणं हे बोलण्यापेक्षा फार सोपं असतं.

मग तो उन्हाळा आला. आमचा उन्हाळा कोरडा. दुपारी पत्र्यावर कावळासुद्धा पाय ठेवत नाही. वाळत घातलेली ओढणी पिन काढेपर्यंत वाळते, ओठ फुटतात, दाराची कडी उघडताना हात पोळतो. आणि त्या हवेत दमट जंगलातलं झाड. कूलर दिवसभर चालायचा, मी टाकीत तासातासाला पाणी ओतायची. खोलीत वाळ्याचा वास कोंदलेला असायचा. झाड बरं होतं. नवं पान उलगडलं त्यावर अर्धा गुलाबी रंग होता. मी ते पान पाहत खाली बसून जेवायची.

मे महिन्याच्या मध्यावर डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाला. गावातल्या आमच्या भागाची वीज गेली ती सहा दिवस. गावात डीपी जळणं हे काही संकट मानत नाहीत. लोक खाटा बाहेर काढतात, कोण कुठल्या ऑफिसात जाऊन आलं त्याच्या गोष्टी करतात. मी मात्र वेडी झाले. मोबाइलवर पाहिलेलं सगळं केलं. झाडाभोवती ओलं बारदान गुंडाळलं. वरून प्लास्टिकची मोठी पिशवी चढवली, दमटपणा टिकावा म्हणून. दिवसातून चारदा पाणी मारलं. खिडकी बंद केली. दादा एकदा दारात येऊन म्हणाले, की एवढं कोंडू नकोस, जीव गुदमरतोय त्याचा. मी त्यांना सांगितलं, की तुम्हाला या झाडातलं कळत नाही.

पाचव्या दिवशी पिशवी काढली तर आतून आंबूस वास आला. पानं उभीच होती, रंगही तसाच. मी खोडाला बोट लावलं आणि बोट आत गेलं.

सडका भाग चांगलं खोड लागेपर्यंत कापा. मी कापत गेले. प्रत्येक काप तपकिरी. शेवटी हातात नुसती पानं उरली, देठासकट, एकही डोळा नसलेली. दुसऱ्यांना मी इतक्या शहाणपणानं सांगितलेली गोष्ट मला स्वतःला करायला पाच दिवस उशीर झाला होता.

आठच दिवसांपूर्वी मेधाताईंचा निरोप आला होता. जूनमध्ये येतेय, आल्यावर पहिल्यांदा शेळी पाहायला टेंभुर्णीला.

मी दादांसमोर जाऊन बसले. त्यांना रोपांचं ठाऊक होतं, जुन्या फोटोंचं नव्हतं. तेही सांगितलं. दादांनी खाटेची सैल दोरी ओढून बांधली. मग त्यांनी त्यांच्या लहानपणीचं सांगितलं. आजोबांनी एकदा केदारखेड्याच्या माणसाची शेळी अर्धलीनं आणली होती आणि ती आमच्या दावणीला फुगून मेली. आजोबा तसेच उठले, चपला घालून चालत केदारखेड्याला गेले. मालकाच्या दारात पाणीसुद्धा न पिता आधी सांगितलं, मग बसले.

"दुसऱ्याची शेळी आपल्या दावणीला मेली, तर पाप न्हाई लागत," दादा म्हणाले. "ते मालकाला दुसऱ्याच्या तोंडून कळलं, तर लागतंय."

मी हो म्हटलं, आणि फोन हातात घेऊन बसून राहिले. मला फोन लावता येईना. त्या रागावतील याची भीती नव्हती. त्या काहीच न बोलता फोन ठेवतील, ग्रुपात कुणी माझं नाव काढलं की गप्प राहतील, याची होती. जमवणाऱ्या माणसांत विश्वास हीच एक गोष्ट चालते. कुणी न पाहिलेल्या मुलीला, न पाहिलेल्या गावात, कुणी आपलं झाड पाठवतं ते कशाच्या जोरावर? आणि ते गेलं की माझ्या बी.एस्सी.चं पुन्हा तेच होणार होतं, आता पुढं काय.

संध्याकाळी ऊन कलल्यावर माय माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात रिकामं ताट.

"ऊठ. फांदी मागायला जाऊ."

"तू तर म्हणाली, वाण मागत न्हाईत."

"वाण न्हाईच मागायचं. पण फांदी मागायला कोणाची ना हाय? फांदी तर कोणी बी कोणाला मागतंय."

मला हा फरक तेव्हा समजलाही नाही. पण मी उठले.

पहिलं घर निर्मलाकाकूंचं. त्यांनी ताट पाहिलं आणि ओळखलं. "शेळीनं खाल्लं माय तुझं वाण," त्या म्हणाल्या. "अन् खाऊन दोन दिवस लाळ गाळत बसली. मला वाटलं गेली आता. असलं वाण देतंय का कोणी?" मी माफी मागायला लागले तर त्यांनीच मला बसवलं, पाणी दिलं. त्या पानांचा चीक तोंडाला खाजतो हे मला माहीत होतं, मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला मी त्या दिवशी तिथं होतेच कुठं.

पुढच्या घरी भक्तिभावानं ते तुळशीशेजारी ठेवलं होतं. देवाजवळची जागा, पण दिवसभराच्या उन्हाची. ग्लासात वाळलेली काडी उरली होती, तिलाही रोज पाणी घालत होते. एका घरातलं रोप नव्या नवरीबरोबर सासरी गेलेलं. एकीनं ते काळ्या मातीत लावलं, माती उन्हात भेगाळली आणि मुळं तुटली. एका घरी जिवंत रोप दिसलं. चांगलं वीतभर उंच, पाच पानं, पण सगळी हिरवीगार. मी खोड पाहिलं. रेघ नव्हती. त्या वहिनी मोठ्या अभिमानानं उभ्या होत्या, मी छान वाढवलंय म्हटलं, आणि ते खरंच होतं.

आठ घरं झाली. ताट रिकामंच. मी मोजत आले होते, म्हणून घराच्या वळणावर विचारलं, की रोपं नऊ होती, नववं कुठं गेलं. माय चालायची थांबली.

"एक हाय अजून," ती म्हणाली. "पण तिथं मागायला मला जिवावर येतं."

आमच्या मागच्या भिंतीपलीकडं सरूकाकू राहते. मायच्या बरोबरीची. दोघी एकाच वर्षी सासरी आल्या, एकाच विहिरीवर पाणी भरलं. काका गेले त्याला तेव्हा पाच वर्षं झाली होती. मुलगा अंकुशनगरला साखर कारखान्यात. काका गेल्यापासून संक्रांतीच्या दिवसांत सरूकाकू आमच्याकडं यायची नाही. तिला कुणी येऊ नको म्हटलं नव्हतं, आणि कुणी ये म्हणतही नव्हतं. त्या दिवशी सगळ्या बाया गेल्यावर फळीवर एक ग्लास उरला. मायनं त्याला हळदी-कुंकवाचं बोट लावलं नाही. तसाच उचलला आणि भिंतीवरून पलीकडं दिला.

"झाडाचं वाण हाय म्हटलं," माय मला सांगत होती. "झाडाला सवाष्ण-बिवाष्ण काई कळत न्हाई. तिनं दोन्ही हातानं घेतलं. आता ते कसं मागू मी?"

आम्ही दोघी तिथंच वळणावर उभ्या राहिलो. जानेवारीत मी चार दिवस मायशी बोलले नव्हते. मला वाटत होतं, की तिनं माझी रोपं उधळली.

शेवटी गेलो. सरूकाकूनं आम्हाला पाहिलं, ताट पाहिलं, आणि माय काही बोलायच्या आत म्हणाली, "निर्मलानं सांगितलं मघाशी. मी वाटच पाहून राह्यले. ये मागं."

तिच्या मोरीच्या भिंतीला ते लावलेलं होतं. फुटक्या रांजणाच्या खालच्या अर्ध्यात, विटांचे तुकडे, थोडी शेणखताची माती, आणि आधाराला तुऱ्हाटीची काठी. काठी संपल्यावर वेलानं सरळ ओली भिंत धरली होती. माझ्या कमरेच्या वर गेला होता. आंघोळीचं पाणी, भांडी विसळलेलं पाणी, सगळं त्याच्या बुडाशी उतरायचं आणि विटांतून वाहून जायचं. वर कडुलिंबाची दाट सावली. कूलर नाही, बारदान नाही, पिशवी नाही. मी पाच दिवस जी हवा खोलीत बनवायला धडपडत होते, ती या भिंतीलगत रोज दोन घागरींत तयार होत होती.

पण पानं. वरची चार पानं काळपट हिरवी, नुसती. गुलाबी शिंतोडा एकावरही नाही. मी तरी खाली बसले. खोडावर राखेचा आणि मातीचा थर बसलेला होता. ओढणीचं टोक घागरीत भिजवलं आणि एक पेर पुसलं. मग दुसरं. मग तिसरं.

रेघ होती. बारीक, फिकट, पण सलग. खालून वरपर्यंत प्रत्येक पेरातून गेलेली. सावली दाट म्हणून पानांवर रंग उतरला नव्हता एवढंच.

मी तिथंच मोरीत बसून रडले. सरूकाकूला वाटलं, की झाड खराब झालं. ती घाबरून मायला विचारत होती, की माझं काही चुकलं का गं. मायनं तिला काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. माझ्या अंगावरून चार महिन्यांचं ओझं उतरत होतं.

मग सरूकाकू आतून विळा घेऊन आली. मी म्हटलं, की दोन पेरं पुरतील, फार नको. ती ऐकेना.

"वरचं सगळं ने," ती म्हणाली. "वाण परत देता येत न्हाई, न्हाईतर अख्खं दिलं असतं. बूड तेवढं माझं राहू दे."

तिनं जिथं कापलं, तिथंच मी कापलं असतं. डोळ्याच्या दोन बोटं खाली, तिरकं. ताटात सात पेरं मावली. वाटेत निर्मलाकाकू दारातच होत्या, ताटाकडं पाहून म्हणाल्या, "झालं का मायलेकींचं भिक्षेचं?" आणि मग हळूच, "निघालं का बरं?" मायनं मान हलवली तशा त्या हात जोडून आत गेल्या.

आता मेधाताईंना काही सांगायची गरज नव्हती. सात पेरं हातात होती, ती कुंडीत लावून वेळ मारून नेता आली असती. गरज नव्हती, बहुधा म्हणूनच मला सांगता आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन लावला आणि सगळं सांगितलं. वाण, जुने फोटो, बारदान, पिशवी, सरूकाकू. मध्ये थांबलेच नाही. पलीकडं बाळाचा आवाज येत होता.

मग त्या म्हणाल्या, "फोटो जुने होते ते मला तेव्हाच कळलं होतं, वर्षा. महिनाभरात नऊ रोपांपैकी एकालाही नवं पान नाही? असं होतं का कधी?"

मला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं.

"मी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "म्हटलं, सांगेल. उशीर केलास हं. पण सांगितलंस." मग त्यांनी विचारलं, "त्या काकूंनी बूड ठेवून घेतलं ना? मग माझं झाड त्यांच्याकडे आहे. तू फक्त फांद्या सांभाळ."

जूनमध्ये त्या खरंच आल्या. आमच्या घरी चहा घेतला आणि शेळी पाहायला भिंतीपलीकडं गेल्या. सरूकाकूच्या मोरीजवळ पुण्याच्या मेधाताई उकिडव्या बसल्या, कापलेल्या बुडावर दोन नवे कोंब आले होते, त्यांकडं पाहत. पहिल्या कोंबाचं टोक गुलाबी होतं. सरूकाकू त्यांना भांड्यांच्या पाण्याबद्दल सांगत होती आणि त्या वहीत लिहून घेत होत्या. मला तेव्हा हसू आलं, पण नंतर मीही वहीत लिहून घेतलं.

आता रोपवाटिकेच्या एका बाजूला माझी वेगळी शेडनेट आहे. लांबलांबून झाडं येतात, लांबलांब जातात. गुलालाच्या पानाला आता कुणी दुर्मीळ म्हणत नाही, त्याची जागा दुसऱ्यांनी घेतली. पण एक गोष्ट मी ठरवून करते. जे नवं झाड येईल, त्याचं पहिलं फुटलेलं रोप विकत नाही. संक्रांतीला मायच्या हातून ते गल्लीत जातं. पानांचा चीक जनावरांना वाईट, हे मी प्रत्येकीला आधीच सांगते. बी एकाच कणगीत ठेवू नये हे दादांना कुठल्या कॉलेजनं शिकवलं नव्हतं. हळदी-कुंकू लावायचं त्यांना माय लावते, झाड सगळ्यांना देते, आणि सरूकाकू सगळ्यांत आधी येऊन ओट्यावर बसते, कारण कुठलं रोप जगणार हे ती हाताळून सांगते. बाकीच्या तिच्याकडं पाहून निवडतात.

हे लिहीत असताना आत्ताच वीज गेली. कूलरचा पंखा दोन गरके घेऊन थांबला, ताट्यांतून टपटपणारं पाणी हळूहळू बंद झालं. पोटात तो जुना खड्डा पडला. मी लेखणी खाली ठेवून कान दिला. भिंतीपलीकडं सरूकाकू भांडी विसळत होती. घागर कलंडली, पाणी विटांवरून खळखळत मोरीकडं गेलं, आणि कुठं तरी थांबून जिरू लागलं. मी लेखणी उचलली.